‘थेंब डोळ्यातच राहतो’ हे खरं नाही

पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतोय. मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून देतात ते अ‍ॅट्रोपिनचे थेंब पूर्ण वाढ झालेल्या मोठ्या प्राण्यांवर तपासले की झालं, थेंब अंगात जातच नाही, त्यामुळे पिल्लांवर महिनोन्महिने चाचण्या करणं निव्वळ क्रौर्य, असं त्यात म्हटलंय.

थेंब अंगात जातो. बाटलीतून 30 ते 50 मायक्रोलिटर पडतं आणि पापणीआड जेमतेम 30 मावतं. उरलेलं गालावर ओघळतं, नाहीतर डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात उतरतं. थेंब टाकल्यावर घशात कडवट लागतं, ते म्हणूनच. नाकाच्या अस्तरातून औषध यकृताला वळसा घालून थेट रक्तात मिसळतं. बाळाचं वजन मोठ्यांच्या कितीतरी कमी, थेंब मात्र तेवढाच. काचबिंदूवरचं ब्रिमोनिडीन मोठ्यांना सर्रास देतात, पण दोन वर्षांखालच्या बाळांना देत नाहीत, कारण त्याने त्यांचा श्वास थांबू शकतो.

मोठे प्राणी पुरेसे का नाहीत? हे थेंब द्यायचे तेच मुळी डोळ्याची लांबी वाढू नये म्हणून, तेही वर्षानुवर्षं, वाढीच्या वयात. ज्याची वाढ संपली त्या डोळ्यात वाढीवरचा परिणाम दिसणार कसा? 1960च्या दशकात ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला, तर मेंदूने त्या डोळ्याशी नातंच तोडलं. मोठ्या मांजरांत असं झालं नाही. प्राणी कोणता, हेही पाहावं लागतं: बऱ्याच सशांच्या रक्तात अ‍ॅट्रोपिन फोडणारं एन्झाइम असतं, म्हणून त्यांना ते सहज पचतं.

क्रौर्याचा मुद्दा मात्र मी झटकणार नाही. मांजरीच्या त्या पिल्लांचे हाल झालेच. औषधाने डोळा चुरचुरतो का, हे आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या थरावर पाहता येतं. त्यासाठी ससा नको. मुलांच्या औषधांसाठीची आयसीएच एस11 ही 2020ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगते की हाती असलेल्या माहितीने भागत असेल तर पिल्लांवर चाचणी करू नका. तेव्हा प्रत्येक औषधाला ‘ही चाचणी खरंच लागणार होती का?’ असं जरूर विचारा, मीही तुमच्याबरोबर विचारेन. पण ‘कधीच नको’ म्हणालात, तर वाढत्या डोळ्यावरचा पहिला प्रयोग आपल्याच मुलांवर होईल, आणि ते मला मान्य नाही.