खिडकीबाहेरचं झाड

आज लेकीची परिसर अभ्यासाची वही चाळताना डोकंच फिरलं. चौथीत आहे ती. गृहपाठ साधा होता: खिडकीतून दिसणारं एक झाड सात दिवस बघा, रोज दोन ओळी लिहा. तिनं सातही दिवसांचं वळणदार अक्षरात लिहिलंय. तिसऱ्या दिवशी पानं केशरी झाली. पाचव्या दिवशी खारीनं हिवाळ्यासाठी फळं साठवली. खाली लाल पेनानं "छान निरीक्षण" आणि एक चांदणी.

आमच्या खिडकीबाहेर कडुनिंब आहे, हिरवागार. विचारलं तर म्हणाली, "अगं, मोबाईलमधल्या एआयला विचारलं. त्याला सगळं माहीत असतं."

आणि सरकारनं ठरवलंय की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय शिकवायचं! सीबीएसईनं सहावीपासून पंधरा तासांचं मॉड्यूल आणि नववीपासून ऐच्छिक विषय आधीच ठेवला होता, तेवढ्यानं भागलं नाही. तिसरीतलं पोर अजून जोडाक्षराला अडखळतं हो. देशात लाखाहून जास्त शाळा एकशिक्षकी आहेत, हे सरकारचेच २०२४-२५ चे आकडे. तिथल्या त्या एकट्या गुरुजींनी सगळ्या इयत्ता सांभाळायच्या, पोषण आहाराच्या नोंदी ठेवायच्या, निवडणुकीची कामं करायची, आणि आता एआयही शिकवायचं. त्यांचं प्रशिक्षण कसं? व्हिडिओ बघून. चीड येते नुसती.

बरं, मान्य आहे, पोरं तसंही वापरतातच. शाळेनं डोळे मिटले म्हणून ती थांबणार नाहीत. कोडी, क्रम, आकृतिबंध यांतून विचार करायला शिकवायचं म्हणत असतील तर तेही चांगलंच, त्याला कॉम्प्युटरसुद्धा लागत नाही. पण "कसं वापरायचं" याच्या आधी "याला हे कुठून कळलं" हा प्रश्न पोरांच्या तोंडी बसवा ना! त्या यंत्रानं आमचा कडुनिंब पाहिलेलाच नाही. लोकांनी लिहून ठेवलेल्या ढीगभर मजकुरात ज्या शब्दाशेजारी जो शब्द येतो, त्या अंदाजानं ते वाक्य जुळवतं. त्या ढिगात इंग्रजी जास्त, थंड देशांतली झाडं जास्त. म्हणून पानं केशरी. एवढं चौथीच्या मुलीला समजतं, मी आज सांगून पाहिलं. तिला लगेच कळलं.

बाईंना जाब विचारायचा म्हणून मेसेज टाईप केला होता. चांगला कडक. मग आठवलं, त्यांच्याकडे दोन तुकड्या एकत्र बसतात. एवढ्या वह्यांच्या गठ्ठ्यात त्यांनी कुणाच्या खिडकीबाहेर कुठलं झाड आहे ते कसं ओळखायचं? असं लिखाण ओळखायला त्यांना तरी कुणी शिकवलंय? मेसेज पुसला.

शिवाय मोबाईल माझाच होता, खातंही माझंच. बहुतेक ॲपच्या अटींत तेरा वर्षांखालच्या मुलांना परवानगीच नसते. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती मागतो. आमच्या घरात ना कुणी संमती मागितली, ना मी विचारपूस केली. त्यामुळे धोरण आखणाऱ्यांनो, पहिला वर्ग पालकांचा घ्या, दुसरा शिक्षकांचा, आणि तो समोर बसून घ्या. पोरांचं पुस्तक मागाहून आलं तरी चालेल.

संध्याकाळी दोघी खिडकीत बसलो. आधी कंटाळली, पाय हलवत राहिली. मग एकदम म्हणाली, "आई, याच्या पानाची कड बघ, करवतीसारखी आहे." इतकी वर्षं मी तो कडुनिंब बघतेय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

त्या चांदणीखाली तिनं पेन्सिलनं "आठवा दिवस" लिहिलं आणि थांबली.

"खार आलीच नाही. मग काय लिहू?"

म्हटलं, "खार आली नाही, असं लिही."