कबुतर बघायला मॉरिशस

ज्वालामुखी बघायचा म्हणून आईनं पुण्यातच तयारी केली होती. सुती साडी, नाकाला धरायला रुमाल, आणि "काठावर जायचं नाही हं" अशी मला ताकीद. क्यूरपिप गावात त्रू ओ सेर्फ ज्वालामुखीच्या काठावर उभं राहून तिनं खाली पाहिलं. ऐंशी-एक मीटर खोल वाडगा, आत गच्च झाडी, तळाशी डबक्याएवढं पाणी. हाफ पँट घातलेले दोन गृहस्थ काठानं सकाळच्या फेऱ्या मारत होते.

"धूर कुठाय?"

"झोपलाय तो."

"मग आपण पाचला का उठलो?"

हे अख्खं बेट ज्वालामुखीनंच घडवलंय, हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हाच, असं मी सांगू लागलो. "सह्याद्री तरी कशाचाय?" ती म्हणाली. "आणि सिंहगडला बस जाते."

गाडी चालवणारा तरुण इथलाच, मराठी. खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात राबायला बोटीनं आलेले. घरी क्रिओल भाषा चालते, मराठी तो शाळेत शिकला. त्यामुळे "आता आपण अरण्याकडे प्रस्थान करू" असं बोलायचा. मी "टाइम वेस्ट नको, डायरेक्ट स्पॉटवर घ्या" म्हटलं की गाडी बरोबर न्यायचा. फक्त यात मराठी कुठली, असा चेहरा करायचा.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या रानात गुलाबी कबुतर बघायचं, हा माझा हट्ट. डच इथं १५९८ साली उतरले आणि पुढच्या शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. हे कबुतर त्याच्याच नात्यातलं. १९९० च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरली होती. पिंजऱ्यात पिल्लं वाढवून, पुन्हा रानात सोडून जात वाचवली. हे सगळं मी वर बघत बघत आईला सांगितलं. दीड तास. मान तिथंच अडकली.

"गॅलरीत कबुतरं नकोत म्हणून गेल्या महिन्यात जाळी कुणी बसवली?"

"मी."

"हं."

एवढ्यात फांदीवर काहीतरी फडफडलं. मी कॅमेरा उचलला. ड्रायव्हर अदबीनं म्हणाला, "हा पक्षी दुर्मीळ नव्हे."

वाटेत गाडीवर धोल पुरी खाल्ली. पिवळी डाळ शिजवून, वाटून आत भरलेली पातळ पोळी, दोन-दोनच्या जोडीनं, वर घेवड्याची उसळ आणि टोमॅटोचा रस्सा. आईनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "पुरणपोळीच आहे. गूळ घालायचा राहिला." तरी तीन जोड्या खाल्ल्या.

परतताना गंगा तलाव. हेही ज्वालामुखीचंच तोंड, पण आत पाणी, काठावर देवळं आणि रस्त्यालगत १०८ फुटी महादेव. आईचा मूड एकदम सुधारला. माकडंही होती, फार पूर्वी खलाशांनी आणलेल्यांची वंशावळ. त्यातल्या एकानं माझ्या पिशवीतनं भाकरवडीचा पुडा उचलला आणि "इथून फाडा" लिहिलेल्या रेघेवर एका झटक्यात फाडला. मला आजवर हे कात्रीशिवाय जमलेलं नाही. एक भाकरवडी त्यानं उलगडली, आतला मसाला खरवडून फेकला आणि नुसतं कव्हर खाल्लं.

मी हळहळत असताना ड्रायव्हरनं विचारलं, "गणपतीत आमच्याकडे झाकरी होते, म्हणजे गात-गात करायचं नृत्य. गणेश चतुर्थीला इथं सुट्टी असते. साहेब, तुमच्याकडची एखादी म्हणून दाखवा ना!"

आमच्याकडची! आमच्या सोसायटीत गणपतीत डीजे असतो. मी घसा खाकरला, पाणी प्यायलो, मान दुखते म्हणालो. ती खरंच दुखत होती.

"त्याला काय विचारतोस बाळा," आई पुढं आली. माहेर गुहागरचं. लहानपणी अंगणात पाहिलेली जाखडी, म्हणजे इथली झाकरीच, तिनं पदर खोचून सुरू केली. त्यानं बॉनेटवर ठेका धरला. दुसऱ्या कडव्याला तो ओळ उचलायला लागला, आईनं पाय टाकले, आजूबाजूची चार माणसंही टाळ्या द्यायला थांबली. मी ताठलेल्या मानेनं व्हिडिओ काढत होतो, आणि त्यात मागच्या बाजूला, अगदी स्पष्ट, माकड दुसरा पुडा घेऊन चाललेलं दिसतंय.