म्हणे काही होत नाही!

"काही होत नाही ताई." हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर बोललं ना, तर त्याची खैर नाही!

धायरीतल्या फ्लॅटचं बाथरूम दिवाळीआधी नवीन करून घेतलं. बेसिनसाठी ४ फूट बाय २२ इंचाचा स्टील ग्रे ग्रॅनाइटचा कट्टा, कात्रज-कोंढवा रोडची दुकानं पालथी घालून निवडलेला. काल सकाळी तो पुसला, तर बेसिनच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेपर्यंत एक ओली रेघ तशीच राहिली. परत पुसली, परत राहिली. नख फिरवलं. चीर! मागे भिंतीपाशी सिलिकॉन सुटलंय, एटीएम कार्ड सरळ आत जातं.

खाली वाकून टॉर्च मारला आणि डोकंच फिरलं. टाइलमध्ये जेमतेम अर्धा इंच झिरी मारून दगड खुपसलाय. खाली दोन लोखंडी ब्रॅकेट, त्यातलं एक बोटाने हलतंय. अरे, १८ मिलिमीटर जाडीचा एवढा दगड ३३ किलोच्या आसपास भरतो! त्याला खालून बेसिन लटकवलंय, तेही नुसत्या सिलिकॉनवर. आणि भिंत कसली? सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची! ज्या ब्लॉकचा तुकडा बादलीत टाकला तर तरंगतो, त्यात साधा फास्टनर ठोकून हा भार धरेल असं वाटलंच कसं? अशा भिंतीला केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट लागतो, नाहीतर बोल्ट आरपार घ्यावा लागतो. नाहीतर सरळ कडप्प्याचे दोन पाय जमिनीपासून उभे करायचे, भार खाली जातो, विषय संपला. मी काम चालू असतानाच म्हटलं होतं, "दादा, खाली पाय द्या." तर म्हणे, "पायाने लुक जातो ताई. काही होत नाही."

बेसिनसाठी भोक पाडलं तेव्हाही तेच. कोपरे गोल ठेवायचे असतात, कारण काटकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि चीर तिथूनच धरते. ह्यांनी कटर असा फिरवला की चारही कोपऱ्यांत काप एकमेकांना ओलांडून पुढे गेलेत. पुढे उरलीय ती अडीच इंचाची पट्टी. अख्ख्या कट्ट्यात सगळ्यात कमजोर जागा तीच, आणि माणूस हात टेकतो तोही तिथेच!

माझे बाबा टेकतात. ७६ वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत. तोंड धुताना दोन्ही तळहातांवर अख्खा भार टाकून उभे राहतात. हा दगड त्यांच्या पायावर आला असता तर?

ग्रॅनाइटवाला म्हणतो ब्रॅकेट प्लंबरने लावले. प्लंबर म्हणतो मी फक्त बेसिनखालचा सांडपाण्याचा बॉटल ट्रॅप जोडला, झिरी फरशीवाल्याची. फरशीवाला गावाला गेलाय. कॉन्ट्रॅक्टर कालपासून फोन उचलत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका दिसतात. पैसे घेताना मात्र चौघंही वेळेवर हजर होते!

रात्री बोहरी आळीतल्या ओळखीच्या दुकानदाराला फोटो पाठवले. त्याने एकच विचारलं, "खाली टेकू दिलाय का आत्ता?" दिलाय. विटांची चळत रचून वर लाकडी फळी ठोकलीय. बाबा स्वयंपाकघरातल्या सिंकवर तोंड धुतायत, आणि दर वेळी मला विचारतायत, "माझ्यामुळे तडा गेला का गं?"