‘साधं कार्ड गळ्यात मारलं’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार.

तुमचा एक स्टारचा अभिप्राय नीट वाचला. बाकीच्या वाचकांसाठी त्याचं सार असं: तुम्ही एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० हे ग्राफिक्स कार्ड घ्यायला आलात. आम्ही ‘पोलिसांसारखी उलटतपासणी’ केली, एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी गळ्यात मारलं, वर एक प्रोसेसरही खपवायला बघितला. घरी जाऊन काउंटर-स्ट्राइक २ हा निशाणेबाजीचा खेळ लावला तर एफपीएस (सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) जुन्या जीटीएक्स १६६० सुपर कार्डावर मिळत होता तेवढाच. कार्ड परत आणलं तर ‘कार्ड ठीक आहे’ म्हणून आम्ही वाटेला लावलं. आणि हेच कार्ड दुसरीकडे बरंच स्वस्त मिळतंय.

एफपीएस वाढला नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तो वाढणारच नव्हता. तुमच्या मशीनमध्ये रायझन ५ २६०० प्रोसेसर आहे, २०१८ सालचा. रॅम १६ जीबी, पण एकाच स्टिकमध्ये. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा. खेळ काउंटर-स्ट्राइक, तोही सगळी सेटिंग लो करून, कारण रँकसाठी खेळणारे बहुतेक तसंच खेळतात. उलटतपासणी म्हणता ती हीच. एवढं ऐकल्यावर तुम्हाला सांगितलं होतं की या खेळात नुसत्या कार्डाने काही हलणार नाही, बजेटमधला काही भाग प्रोसेसरवर घाला. तुम्ही म्हणालात, प्रोसेसरला काय धाड भरलीय, फक्त कार्ड द्या. दिलं. ग्राहकाच्या इच्छेविरुद्ध प्रोसेसर विकायचा असता तर आम्ही एवढ्यावर थांबलो नसतो.

आता हे असं का होतं, कारण हाच प्रश्न आमच्याकडे सतत येतो. प्रत्येक फ्रेमचं काम दोन टप्प्यांत होतं. कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, भिंतीमागून कुणाच्या पावलांचा आवाज यायला हवा, पडद्यावर काय काय काढायचं, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि त्याची यादी कार्डाच्या हातात देतो. कार्ड ती यादी रंगवतं. १४४ एफपीएस हवे असतील तर एका फ्रेमला ६.९ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. प्रोसेसरला नुसती यादी करायलाच ८ मिलिसेकंद लागत असतील तर १२५च्या वर जाता येत नाही, मग खाली कुठलंही कार्ड लावा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लो सेटिंगवर, १०८०पीवर कार्डाचं काम इतकं हलकं होतं की ते यादीची वाट बघत बसतं. तुमचं जुनं १६६० सुपरही बसत असणार, नवीन जरा जास्त वेळ बसतं, एवढाच फरक.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, घरीच बघा. खेळ चालू असताना एएमडीच्या सॉफ्टवेअरमधून जीपीयू युटिलायझेशनचा, म्हणजे कार्ड किती टक्के कामात आहे त्याचा, आकडा पडद्यावर आणा. तो शंभराच्या जवळपासही जात नसेल तर कार्ड रिकामं आहे. मग रेझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पी करा. कार्ड कमी पडत असतं तर एफपीएस उडी मारून वर गेला असता. तो जागचा हलला नाही, तर अडलंय ते प्रोसेसरपाशी. नंतर उलटं करा: १०८०पीवर या आणि टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं), सावल्या, सगळं हायवर न्या. एफपीएस फारसा पडणार नाही आणि चित्र मात्र कितीतरी चांगलं दिसेल. तुम्ही विकत घेतलेली ताकद तिथे पडून आहे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट १४४ आहे ना, तेही एकदा बघून घ्या. ६०वरच राहिलेले मॉनिटर आम्ही बरेच पाहिलेत. आणि तुम्ही एनव्हिडियावरून एएमडीवर आलात, तर जुना ड्रायव्हर पूर्ण काढून मगच नवीन टाका.

कथा मोडच्या एखाद्या जड खेळाबद्दल तुम्ही अभिप्रायात काहीच लिहिलेलं नाही. सायबरपंक २०७७ तुमच्याकडे आहे असं बोलताना म्हणाला होता. तो १६६० सुपरवर जसा चालायचा आणि आता जसा चालतो, त्याची तुलना वाचायला मला आवडली असती.

५०७० दिलं असतं तर? काउंटर-स्ट्राइकमध्ये हाच आकडा मिळाला असता, कारण यादी करणारा तोच. वर आणखी एक अडचण होती. ५०७०ला २५० वॉट लागतात आणि एनव्हिडिया त्याच्यासाठी ६५० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) सुचवते. तुमचा एसएमपीएस ४५० वॉटचा, त्यात कार्डासाठी आठ पिनची एकच केबल. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉट आणि आठ पिनमधून १५० वॉट, म्हणजे नियमाने २२५ झाले. २५० कुठून आणणार? जोडतोड करणारे बारीक ॲडाप्टर मिळतात, हार्ड डिस्कच्या पिनमधून वीज ओढून कार्डाला देणारे. आम्ही ते ठेवत नाही, लावूनही देत नाही. वितळलेले कनेक्टर हातात आले की का ते कळतं. म्हणजे ५०७०बरोबर एसएमपीएसही बदलावा लागला असता, आणि मग ‘एसएमपीएसही खपवला’ असा अभिप्राय आला असता. ९०६० एक्सटीच्या १६ जीबी मॉडेलचा एएमडीने दिलेला आकडा १६० वॉट आहे, तुमच्या त्याच केबलवर ते चालतं.

मित्राच्या ५०७०वर ‘दुप्पट-तिप्पट’ एफपीएस येतात असंही तुम्ही लिहिलंय. तो आकडा फ्रेम जनरेशन चालू करून आलेला असू शकतो, ५० सिरीजमध्ये एका खऱ्या फ्रेममागे अनेक कृत्रिम फ्रेम घालता येतात. कथेच्या खेळात ते छान दिसतं. पण तुम्ही माउस हलवल्यावर खेळ जो प्रतिसाद देतो तो खऱ्या फ्रेमवरच, आणि वर थोडा विलंब वाढतो. निशाणेबाजीच्या खेळात त्याचा उपयोग नाही. किंवा मित्राचा प्रोसेसर नवा असेल, तेही विचारून बघा.

एवढ्या कार्डांत ९०६० एक्सटीच का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण खरा विचार तिथेच झाला होता. त्याच्या तोडीचं एनव्हिडियाचं कार्ड म्हणजे आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी. तेही उत्तम कार्ड आहे. मात्र ते स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन (माहिती जायचे मार्ग) वापरतं, ९०६० एक्सटी सोळाही वापरतं. नव्या बोर्डवर हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमचा बोर्ड बी४५०, म्हणजे स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० या जुन्या पिढीचा. तिथे आठ लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती जाते, सोळामधून सुमारे १६. जुन्या बोर्डवर जास्त रुंद रस्ता असलेलं कार्ड बरं, एवढा साधा विचार. तुम्ही ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) किंवा कूडावर, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या प्रणालीवर, चालणारं काही वापरता का, हेही त्याच वेळी विचारलं होतं. हो म्हणाला असता तर मी डोळे मिटून एनव्हिडियाच सांगितलं असतं. डीएलएसएस (कमी रेझोल्यूशनवर काढलेलं चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र) जास्त खेळांत मिळतं, हाही त्यांच्या बाजूचा मुद्दा आहे आणि तो मी लपवला नव्हता.

‘हेच कार्ड स्वस्त’ म्हणता त्याच्या खोक्यावरचा मेमरीचा आकडा वाचा. ९०६० एक्सटी ८ जीबीमध्येही येतं, १६मध्येही. नाव तेच. ५०६० टीआयचंही तसंच आहे. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकायची ही पद्धत मला अजिबात पटत नाही, पण ती मी ठरवलेली नाही. ८ जीबीत न मावणारी टेक्स्चर कार्डाला मशीनच्या रॅममध्ये ठेवावी लागतात आणि लागतील तशी स्लॉटमधून ओढून आणावी लागतात. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ३२० जीबीच्या आसपास देते, तुमचा स्लॉट १६. त्यामुळे सरासरी एफपीएस ठीक दिसतो आणि मधेच कोपऱ्यावर वळताना खेळ अडखळतो, किंवा टेक्स्चर धूसर राहतात. फक्त काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला ८ जीबी चालतं. पुढची काही वर्षं नवे खेळ खेळायचेत असं सांगणाऱ्याला मी ते देणार नाही.

प्रोसेसरबद्दल. मी नवा बोर्ड, नवी रॅम, नवं काहीच सांगितलं नव्हतं. तुमच्या त्याच बी४५० बोर्डवर, तीच डीडीआर४ रॅम ठेवून रायझन ५ ५६०० बसतो. २६००मध्ये १६ एमबीची एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) दोन तुकड्यांत वाटलेली आहे. ५६००मध्ये ती ३२ एमबी आणि सहाही कोअरना एकत्र मिळणारी. काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळांना याचाच फायदा होतो. आधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस (बोर्डमधला मूळ प्रोग्राम) अपडेट करायचं आणि मग बदलायचा. उलट क्रमाने केलं तर मशीन चालूच होत नाही. त्यानंतर रिसायझेबल बारही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करता येतो. आणि त्याच्याही आधी रॅमची दुसरी स्टिक टाका. एका स्टिकवर रॅमचा अर्धाच मार्ग वापरला जातो आणि रायझनला ते चांगलंच जाणवतं. हा सगळ्यात कमी खर्चाचा उपाय आहे. तो मी त्या दिवशीही सांगितला होता, पण तेव्हा तुम्ही मित्राशी फोनवर बोलत होता.

कार्ड परत आणलंत तेव्हा नुसतं कार्ड आणलं होतं. आम्ही ते आमच्या टेस्ट बेंचवर लावून पूर्ण लोडवर चालवलं, तुमच्या समोर. तापमान ठीक, पंखे ठीक, पडद्यावर कुठे रेघ नाही. चांगलं कार्ड खराब म्हणून वॉरंटीत पाठवलं तर कंपनी ते तसंच परत करते आणि तोवर तुम्ही कार्डाविना बसता. म्हणून ‘ठीक आहे’ म्हणालो.

तुमच्यासाठी हे करू शकतो: आमच्याकडचा ५६०० तुमच्या बोर्डवर तात्पुरता बसवून देतो, रॅमची जोडी लावून देतो, आणि तुम्ही दुकानात बसून तुमच्याच अकाउंटवरून एक पूर्ण मॅच खेळा. फरक वाटला नाही तर जुना प्रोसेसर परत बसवून मिळेल, बायोस अपडेटचं काही लागणार नाही. त्यानंतरही ५०७०च हवं असेल तर खोकं आणि ॲक्सेसरीज शाबूत आहेत तोवर कार्ड बदलून देतो, फरकाची रक्कम आणि नवा एसएमपीएस तुमच्याकडे. फक्त २६०० तसाच ठेवून घेतलंत तर काउंटर-स्ट्राइकचा आकडा हलणार नाही, हे आधीच जाहीरपणे लिहून ठेवतो.

येताना या वेळी पूर्ण केबिनेट आणा. मॉनिटर नको, १४४ हर्ट्झचा इथे आहे. माउस आणि कीबोर्ड मात्र स्वतःचे आणा, दुसऱ्याच्या माउसवर खेळून फरक कळणार नाही.