रॅमच्या आधी टास्क मॅनेजर पाहावा

संगणक मंदावला की रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) वाढवावी, असा सल्ला एका लेखात वाचला; तो मला अपुरा वाटतो. खानापुरात माझे टंकलेखनाचे आणि झेरॉक्सचे छोटे दुकान असून तेथे मराठी-कन्नड अर्ज आणि जमिनीचे उतारे दिवसभर छापले जातात. गेल्या पावसाळ्यात प्रोसेसरचा वापर सतत ९० टक्क्यांच्या वर राहू लागला, तेव्हा मीही प्रथम रॅमच वाढवली आणि ते पैसे वाया गेले.

कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम संगणकाचा किती वापर करतो ते दाखवणारी विंडोजमधील सोय) उघडला आणि सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यानुसार यादी लावली, तेव्हा सर्वांत वर प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची कामे रांगेत लावणारी विंडोजची सेवा, दिसला. छपाई चालू असताना वीज गेल्याने एक काम अर्धवट अडकले होते आणि स्पूलर तेच पुन्हा पुन्हा हाताळत होता, असे माझे अनुमान आहे. सर्व्हिसेसमध्ये (विंडोजच्या सेवांच्या यादीत) जाऊन प्रिंट स्पूलर थांबवला, विंडोजच्या सिस्टीम३२ मधील स्पूल या फोल्डरातल्या प्रिंटर्स फोल्डरमधील फायली पुसल्या (फोल्डर मात्र पुसू नये) आणि सेवा पुन्हा सुरू केली. त्याबरोबर वापर खाली आला. विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू असतानाही हा आकडा चढतो, परंतु तो बहुधा काही वेळाने आपोआप उतरतो.