उतारावर थांबलेली स्कूटर आणि आमची चूक

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज दुकान उघडल्यावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. लिथियम बॅटरी बसवल्यावर बाबांची मोबिलिटी स्कूटर भर उतारावर हिसका देऊन थांबली आणि ते हँडलवर आदळले. मग एके दिवशी मीटर हिरवा दाखवत असताना ती वाटेत बंद पडली आणि घरापर्यंत ढकलत न्यावी लागली. आणि 'जुना चार्जर चालेल' असं सांगून पंधरा दिवसांनी आम्ही तुम्हाला नवा चार्जर घ्यायला लावला, हा पैसे काढायचा धंदा आहे. तिन्ही गोष्टी घडल्यात. पैसे काढायचा हेतू नव्हता एवढंच म्हणेन. चूक मात्र आमचीच आहे.

आधी उताराचं बोलतो. बाबांना फारसं लागलं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला.

तुमच्या लिहिण्यात एक वाक्य आहे: रात्रभर चार्ज करून सकाळी बाबा निघाले आणि फाटकाबाहेरच उतार लागला. ते वाचलं आणि काय झालं असणार ते लक्षात आलं. उतारावर स्कूटरची मोटर जनरेटर होते. वेग आवरताना जी वीज तयार होते ती कंट्रोलर, म्हणजे मोटरची वीज सांभाळणारा भाग, परत बॅटरीत ढकलतो. आधीची लेडची बॅटरी फुल असली तरी तेवढी वीज पोटात घेते, म्हणून इतकी वर्षं बाबांना कधी त्रास झाला नाही. लिथियम बॅटरीच्या आत मात्र बीएमएसचं (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम) सर्किट राखणीला बसलेलं असतं. सेल काठोकाठ भरलेले असताना आणखी करंट आला की ते दार लावून घेतं. मग त्या विजेला जायला जागा उरत नाही, कंट्रोलरवर व्होल्टेज चढतं आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. या गाड्यांचा मॅग्नेटिक ब्रेक करंट मिळाला तरच सुटतो. करंट गेला की तो जागच्या जागी आवळतो. हिसका बसतो तो यामुळे.

खात्री करायला आज बाबांच्याच मॉडेलची गाडी घेतली, तीच बॅटरी बसवली, फुल चार्ज केली आणि सीटवर वाळूची पोती बांधून रॅम्पवरून सोडली. बॅटरीच्या टोकांना मीटर लावून मी शेजारून चालत होतो. २७ व्होल्टच्या थोडा वर असलेला आकडा उतार लागताच चढायला लागला, २९ ओलांडला, आणि खट्‌ आवाज होऊन गाडी जागेवर थिजली. वरचं पोतं पुढे घसरलं. त्या जागी बाबा होते, हे डोळ्यांसमोरून जात नाही. मग तीच गाडी सपाटीवर दहा मिनिटं फिरवून पुन्हा त्याच रॅम्पवरून सोडली, तर सुरळीत खाली आली. गाडी ताब्यात देताना आम्ही दुकानाच्या सपाट फरशीवर दोन फेऱ्या मारून 'ओके' म्हटलं होतं. ही चाचणी तेव्हाच करायला हवी होती.

मीटरचं कारण वेगळं. हँडलवरचा मीटर फक्त व्होल्टेज बघतो आणि तो लेडसाठी लावलेला आहे. लेडच्या दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या जोडीचं व्होल्टेज वापराबरोबर हळूहळू उतरत जातं, तसा काटाही उतरतो. तुमच्या बॅटरीत लिथियम आयर्न फॉस्फेटचे ८ सेल आहेत. त्यांचं व्होल्टेज बहुतेक वेळ २६ च्या आसपास जवळजवळ सपाट राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. त्यामुळे काटा बराच वेळ हिरव्यात असतो आणि मग लाल दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. यावर उपाय म्हणजे आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजणारा वेगळा मीटर. तो आम्ही 'हवा असेल तर' म्हणून ठेवला होता. यापुढे तो बॅटरीबरोबरच बसेल.

आता चार्जर. जुन्याने पंधरा दिवस काम केलं हे खरं, कारण दोन्ही प्रकारांचं चार्जिंग व्होल्टेज जवळपास सारखंच, २९ च्या आसपास असतं. आमच्या दुकानातल्या मुलाने त्याच भरवशावर 'चालेल' म्हटलं. पण लेडचा चार्जर फुल झाल्यावर थांबत नाही, थोडा करंट सोडतच राहतो. काही चार्जर तर बॅटरीतल्या लेडच्या प्लेटांवर साचलेला सल्फेटचा थर काढायला मधूनच जास्त व्होल्टेजचे ठोके देतात. लेडला ते औषध आहे, लिथियमला नाही. शिवाय गाडी वाटेत बंद पडली तेव्हा बीएमएसने बॅटरीचा बाहेरचा संपर्क तोडला होता. जुन्या चार्जरला समोर शून्य व्होल्ट दिसलं, त्याला वाटलं बॅटरीच नाही, आणि तो सुरूच झाला नाही. त्या दिवशी तुम्ही फोन केलात आणि आम्ही कारण न सांगता 'नवा घ्या' म्हणालो. तुमच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. चार्जरचे पैसे तुम्हाला परत मिळतील.

मी स्वतः घरी येतो. चार्जर २८ व्होल्टला थांबेल असा लावून देतो, म्हणजे उतारावरची वीज घ्यायला बॅटरीत थोडी जागा राहील. अंतर किंचित कमी होईल. कंट्रोलरमध्ये उताराचा वेगही कमी करतो, करंट मोजणारा मीटर बसवतो, आणि मग बाबांच्या देखत त्याच उतारावरून आधी पोती घेऊन, नंतर मी बसून गाडी खाली आणतो. तरीही त्यांचं मन धजलं नाही तर लेडची जोडी परत बसवून देईन आणि लिथियमचे सगळे पैसे परत करीन. लेड जड असते, आयुष्य कमी असतं, पण दाराशीच उतार असणाऱ्या माणसासाठी ती वाईट निवड नाही. हे मी आधीच, घर बघून सांगायला हवं होतं.

तोवर दोन गोष्टी करा. लेडच्या सवयीने बाबा रोज रात्री प्लग लावून ठेवत असतील. लेडला ते गरजेचंच होतं, अर्धवट रिकामी राहिली की ती खराब होते. लिथियमला तशी गरज नाही. एखाद दिवस अर्धी राहिली तरी काही बिघडत नाही, म्हणून सध्या पूर्ण भरायच्या आधीच प्लग काढा. आणि फाटकाबाहेर पडायच्या आधी आवारात सपाटीवर दहा मिनिटं फिरू द्या. उतारावर कुणीतरी सोबत असावं, मी येऊन जाईपर्यंत तरी.

बाबांची माफी मी घरी येऊन मागेनच.