‘मर्ज होईपर्यंत रोज कॉमेंट करा’ म्हणे!

परवा भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला. ‘दहा मिनिटांत ओपन सोर्स कॉन्ट्रिब्युटर बना’, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरला हातभार लावणारे. मोठ्या प्रोजेक्टच्या रीडमीत (माहितीच्या फाइलीत) आपलं नाव घाला, पीआर (आपला बदल घ्या अशी विनंती) टाका, तो मर्ज होईपर्यंत, म्हणजे प्रोजेक्टमध्ये घेतला जाईपर्यंत, रोज कॉमेंट करा. रिव्ह्यू, म्हणजे बदलाची तपासणी, नुसती फॉर्मॅलिटी असते म्हणे, आणि कंपन्या गिटहबवरचे (असा कोड जिथे ठेवतात त्या साइटवरचे) हिरवे चौकोन, म्हणजे कुठल्या दिवशी काम केलं त्याच्या खुणा, मोजतात. हिंगण्याकडच्या त्याच्या कॉलेजात हे सगळ्यांच्या फोनवर पोचलंय. पठ्ठ्याने तीन पीआर टाकूनही झाले होते. मी स्वतः असा प्रोजेक्ट सांभाळतो, म्हणून वर मलाच विचारतो, ‘मामा, माझे पीआर काऊन बंद करून राहिले ते?’

काऊन म्हणजे? अंबाझरी तलावाच्या कठड्यावर कोळशाने नाव लिहायचं आणि कुणी पुसलं की रुसायचं! 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात, चार पीआरवर टीशर्ट मिळतो म्हणून लोकांनी असलाच कचरा इतका टाकला की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावा लागला. जे प्रोजेक्ट स्वतःहून सहभागी होतील, तिथलेच पीआर धरायचे.

रीडमीपासून सुरुवात करू नये असं नाही, तेवढं मान्य. इन्स्टॉल करताना एखादी पायरी चुकलेली दिसली आणि तू ती सुधारलीस, तर एका ओळीचा पीआरही मी खुशीने घेईन.

पण ‘रोज कॉमेंट करा’ वाचून माझं डोकंच फिरलं. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स सिस्टिमच्या गाभ्याच्या) नियमांत साफ लिहिलंय की पॅच (कोडमधला बदल) पाठवल्यावर किमान आठवडाभर थांबा, मग आठवण द्या. न थांबता टोचत राहिलं की काय होतं, ते एक्सझेडचं प्रकरण सांगतं. फाइली आकसून लहान करणारं हे साधन बहुतेक लिनक्स मशीनवर असतं आणि लॅसे कॉलिन ते जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. 2022 मध्ये काही अनोळखी नावं मागे लागली: पॅच पडून आहेत, दुसरा मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) आणा. हे बिनपगारी, हौसेचं काम आहे, असं तो सांगत राहिला. शेवटी मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ नावाच्या खात्याकडे किल्ल्या गेल्या. 2024 मध्ये त्याच नावाने एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे खणताना अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला तो सापडला आणि 29 मार्चला त्याने तो जगजाहीर केला. आता सांगा, माझ्या प्रोजेक्टमधल्या पीआरखाली रोज ‘प्लीज मर्ज सर’ येत असेल, तर यातलं साधं पोरगं कोणतं आणि डाव टाकणारा कोण, हे मी कसं ओळखायचं?

रिव्ह्यूतून सगळं सापडतं असं मीही म्हणत नाही. एक्सझेडमध्ये चोरदरवाजा जागा करणारी बिल्ड स्क्रिप्ट (कोडमधून प्रोग्रॅम तयार करणारी फाइल) गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या नोंदीत, नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायच्या गठ्ठ्यात) होती. पण या बदलाने जुनं काय मोडेल, टेस्ट कुठे आहे, उद्या हे कोण निस्तरणार, हे विचारण्यात माझ्या रात्री जातात. ती फॉर्मॅलिटी?

राहिले हिरवे चौकोन. गिटमध्ये कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) तारीख हवी ती घालता येते. जेवण व्हायच्या आत अख्खं 2019 हिरवं करून देतो. तेव्हा भाचा आठवीत होता.